शेंदूर आणि संगमरवर

बोईसरचे कारखाने मागे टाकून मनोरच्या बाजूला निघालं की एखाद्या पाड्याच्या शिवेवर वाघदेव भेटतो. कधी लाकडाचा, कधी दगडाचा, कमरेएवढा उभा खांब. त्यावर सूर्य, चंद्र, वाघ, नाग. छिन्नी फार खोल गेलेली नसते आणि वर शेंदराचा इतका थर, की वाघाची शेपटी कुठे संपते ते बोटाने चाचपून पाहावं लागतं. वाघबारशीला इथे नारळ फुटतो. सोबत आलेला शहरी पाहुणा खांबाकडे बघतो आणि हमखास एक शब्द उच्चारतो: ओबडधोबड.

हा शब्द आपल्या तोंडी कुठून आला, याचा शोध घ्यायला हवा. कारण तो शेंदूर लावणाऱ्याच्या तोंडी नसतो. मूर्ती माणसासारखी हुबेहूब दिसली म्हणजे शिल्प चांगलं, नाही दिसली तर कच्चं, ही पट्टी आपण सगळेच खिशात घेऊन फिरतो. ती ग्रीक शिल्पाच्या इतिहासातून आली आहे, आणि तो इतिहासही आपल्याला अर्धाच सांगितला गेला आहे.

सांगितला जातो तो भाग मात्र विलक्षण आहे. इ. स. पू. 750 च्या सुमारास अथेन्सच्या डिपिलॉन स्मशानभूमीत एका कबरीवर दीड मीटर उंचीचा मातीचा कुंभ उभा केला गेला. त्यावर मृत माणसाभोवती शोक करणारी माणसं रंगवली आहेत. छाती म्हणजे उलटा त्रिकोण, त्याखाली काटकुळे पाय, दोन्ही हात डोक्यावर. पालघर जिल्ह्यातलं कोणतंही मूल ते चित्र पाहून म्हणेल, ही तर वारल्यांची माणसं. त्यानंतर दीडेकशे वर्षांत ग्रीक माणूस इजिप्तकडे बघत संगमरवराकडे वळला. तिथे घडला कूरोस, म्हणजे नग्न तरुणाचा पुतळा: डावा पाय पुढे, मुठी मांडीलगत, नजर सरळ, आणि भार दोन्ही पायांवर सारखा. चालतोय असं वाटतं, पण पाऊल पडत नाही. मग इ. स. पू. 480 च्या आसपास अथेन्सच्या टेकडीवर एका मुलाचा पुतळा घडला. शिल्पकार क्रिटियसच्या नावावरून तो 'क्रिटियसचा मुलगा' म्हणून ओळखला जातो. त्याचा भार एका पायावर आहे, त्या बाजूचा नितंब किंचित वर गेला आहे, मान जराशी वळली आहे. एवढंच. बस स्टॉपवर उभा असलेला कोणीही असाच उभा असतो, पण दगडात हे साधायला कूरोसपासून शंभराहून अधिक वर्षं लागली. पुढे पॉलिक्लायटसने शरीराच्या प्रमाणांचं शास्त्र लिहिलं, फिडियसने पार्थेनॉनसाठी सोन्याची आणि हस्तिदंताची सुमारे बारा मीटरची अथेना उभी केली, प्रॅक्सिटेलिसने संगमरवराला त्वचेचा मऊपणा दिला. या कामापुढे मान लवते, माझीही लवते.

पण त्याच अथेन्समध्ये फिडियसच्या भव्य अथेनेपासून हाकेच्या अंतरावर अथेनेची एक जुनी लाकडी मूर्ती होती. ती आकाशातून पडली अशी लोकांची श्रद्धा होती. मोठ्या उत्सवात नगरातल्या स्त्रियांनी विणलेलं वस्त्र अर्पण व्हायचं ते या लाकडी मूर्तीला. सोन्याची अथेना नगराचा अभिमान होती, देवी मात्र लाकडातली. दुसऱ्या शतकात ग्रीस पायाखाली घातलेला प्रवासी पॉसेनियस लिहितो, की फाराय नावाच्या गावी तीसेक चौकोनी दगड देव म्हणून पुजले जातात आणि फार पूर्वी सगळेच ग्रीक मूर्तींऐवजी न घडवलेल्या दगडांना मान देत. तिठ्यावरच्या दगडांवर तेल ओतून नमस्कार करणारा माणूस तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसनेही रेखाटला आहे, तोही इ. स. पू. चौथ्या शतकात, म्हणजे प्रॅक्सिटेलिसच्याच काळाच्या आसपास. म्हणजे दगडापासून हुबेहूब मूर्तीपर्यंतच्या शिडीच्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी वापरात होत्या, आणि वरच्या पायरीवर पोचलेला माणूस खालच्या पायरीपुढे हात जोडत होता.

ग्रीक पुतळ्यांच्या पांढऱ्या रंगाचंही तसंच. ग्रीसमध्ये 1972 साली जमिनीतून फ्रासिक्लेइया नावाच्या मुलीचा पुतळा निघाला. लग्नाआधीच वारलेली ही मुलगी इ. स. पू. 550 ते 540 च्या सुमारास संगमरवरात घडवली गेली. तिच्या झग्यावर लाल रंग अजून शिल्लक आहे आणि पायथ्याच्या दगडावर शिल्पकाराचं नाव आहे: पारोस बेटावरचा अरिस्टिऑन. ग्रीक पुतळे रंगवलेले असत. पाऊस, माती आणि काळाने तो रंग धुऊन नेला, आणि उरलेल्या पांढऱ्या दगडालाच युरोपाने शुद्धता मानलं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. ग्रीकांशी आपली ओळख काही पुस्तकातून झालेली नाही. आज लोकलच्या गर्दीत ज्याचं नाव नालासोपारा म्हणून पुकारलं जातं, ते सोपारा अपरांताचं, म्हणजे कोकण किनाऱ्याचं, मोठं बंदर होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख आहे. अपरांतात धम्म सांगायला धर्मरक्षित नावाचा यवन, म्हणजे ग्रीक, भिक्षू आला, असं श्रीलंकेचा पाली ग्रंथ महावंस सांगतो. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुलं आणि आठ ब्राँझ बुद्धमूर्ती सापडल्या. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तुकडाही तेव्हाच हाती लागला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत हातात मावेल एवढा ब्राँझचा पोसायडन निघाला, तो समुद्रदेव घाट चढून पंचगंगेपर्यंत पोचला होता. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकट नावाच्या ठिकाणच्या यवनांनी खांब दान दिले, सोपाऱ्याच्या माणसाचंही नाव तिथे कोरलेलं आहे.

ते खांब पाहा. दान यवनाचं, पण वर बसलेले हत्ती आणि त्यांवरची जोडपी आपल्या मातीतली, भरल्या अंगाची, दागिन्यांनी मढलेली. प्रमाणशास्त्र कोणी लादलं नाही, कोणी मागितलंही नाही. पितळखोऱ्याच्या लेण्यातल्या खुजा, पोट सुटलेल्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर लेख आहे, की हा कण्हदास सोनाराने घडवला. अरिस्टिऑनसारखीच सही, आणि मूर्ती त्याच्यापेक्षा अगदी वेगळी. ग्रीक मूर्ती आल्या तेव्हा आपण त्या पाहिल्या, दानही घेतलं आणि आपल्याला हवं तेच घडवलं.

ग्रीक शिल्प दुसऱ्यांदा आलं ते प्लास्टरमध्ये. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल सुरू झालं आणि विद्यार्थ्यांपुढे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या पांढऱ्या प्रतिकृती ठेवल्या गेल्या. त्यातून वाईटच निपजलं असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. गणपतराव म्हात्र्यांनी 1896 साली विद्यार्थी असतानाच 'मंदिरपथगामिनी' घडवली. नऊवारीतल्या त्या बाईच्या उभं राहण्यात क्रिटियसच्या मुलाचा तोल आहे आणि लुगड्याच्या चुण्यांत अस्सल मराठी घर आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वसईचे रघुनाथराव फडके गिरगाव चौपाटीवर टिळकांना उभं करून गेले. परकी विद्या घरची कशी करावी, हे या दोघांनी दाखवलं.

बिघडलं ते पट्टीत. पहिल्या भेटीत ग्रीक मूर्ती ही इतर मूर्तींसारखीच एक मूर्ती होती. दुसऱ्या भेटीत ती सत्तेच्या हातात हात घालून, अभ्यासक्रम होऊन आली. जे तिच्यासारखं नाही त्याला आदिम, लोककला, हस्तकला अशी नावं पडली. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि वारली चित्राचं थोडं तरी भाग्य उजळलं. पण चित्र कागदावर उतरलं, विकलं गेलं, म्हणून. वाघदेव विकायचा नसतो, तो शिवेवरच राहतो. त्याच्याकडे शिल्प म्हणून बघायला आपण अजून तयार नाही.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. नव्या जिल्ह्याला चौकाचौकांत पुतळे हवे असतात, ते होतील. त्याच्या आधी एक काम व्हावं असं मनापासून वाटतं. मोखाड्यापासून तारापूरपर्यंत प्रत्येक पाड्यातल्या वाघदेवाची नोंद व्हावी: लाकूड कोणतं, दगड कुठला, वाघ कोणत्या बाजूला तोंड करून आहे, कोणी कोरला. अरिस्टिऑनचं नाव अडीच हजार वर्षं टिकलं, कण्हदासाचं दोन हजार. मनोरच्या वाटेवरचा तो खांब ज्याने घडवला त्याचं नाव पाड्यातल्या म्हाताऱ्यांना आजही विचारता येतं.