ड्रिल खोटं, वॉर्ड मात्र खरा

७ मे २०२५ च्या देशव्यापी सिव्हिल डिफेन्स मॉक ड्रिलच्या यादीत मुंबई आणि उरणबरोबर रोहा-धाटाव-नागोठणे हेही नाव होतं. अष्टमीच्या पोरांना त्याचं फार नवल वाटायचं कारण नाही. नदीपलीकडे रोहा, पुढे धाटावची केमिकल एमआयडीसी. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांना तर कायद्यानेच दर सहा महिन्यांनी ड्रिल घ्यावं लागतं.

अशा ड्रिलचे फोटो आपण पाहतो. धूर, स्ट्रेचर, हेल्मेट घातलेले साहेब. पण 'जखमी' ॲम्ब्युलन्समधून जिथे पोचतो, त्या कॅज्युअल्टीचं काय? तिथे खरोखर ताप आलेलं पोर असतं, साप चावलेला शेतकरी असतो. आणि त्यांच्यामध्येच खोटा पेशंट येतो.

मेडिकल कॉलेजच्या स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर चुकलं तर पुतळ्याला काही होत नाही. पण दार अडकतं, ऑक्सिजनची चावी सापडत नाही, रात्रपाळीला दोनच सिस्टर असतात, हे लॅबमध्ये कळत नाही. त्यासाठी सराव खऱ्या वॉर्डातच हवा. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर 'ड्रिल कशाला?' असं कुणी विचारू नये.

विचारायचं ते वेगळं. सरावासाठी आणलेल्या वस्तू नंतर जातात कुठे?

अमेरिकेत २०१४ च्या शेवटी हे घडलं. खऱ्या सलाइनचा तुटवडा होता. विद्यार्थ्यांच्या सरावासाठी बनवलेल्या, निर्जंतुक नसलेल्या सलाइनच्या पिशव्या वितरणातून थेट दवाखान्यांत पोचल्या आणि ४० हून जास्त पेशंटना चढवल्या गेल्या. थंडी, ताप, थरथर. काहींना ॲडमिट करावं लागलं. एक मृत्यूही झाला, तो त्यामुळेच झाला का हे मात्र ठरलं नाही. पिशवी दिसायला अगदी खऱ्यासारखी होती, कारण सराव खरा वाटावा म्हणून ती तशीच बनवली होती! इथे वॉर्डात ड्रिल झालंही नव्हतं, नुसता माल चुकीच्या जागी गेला. मग वॉर्डातच, खऱ्या औषधांच्या शेजारी अशी पिशवी आणली तर ती राहून जायला कितीसा वेळ लागेल?

दुसरी भीती उलटी आहे, खरी वस्तू सरावात वापरून टाकायची. इमर्जन्सी ट्रॉलीतलं इंजेक्शन फोडलं, सिलिंडर अर्धा केला आणि परत भरलाच नाही. मोठ्या हॉस्पिटलात शेजारच्या वॉर्डातून मागवता येतं. तालुक्याच्या ठिकाणी गंभीर पेशंट अलिबागला नाहीतर मुंबईकडे पाठवायची वेळ येते, तिथे शेजारचा वॉर्ड कुठून आणणार? एक डॉक्टर अर्धा तास खोट्या पेशंटपाशी थांबला की खरी रांग तेवढी लांबते.

आणि 'मॉक ड्रिल' या शब्दाआड काय काय लपू शकतं तेही बघा. जून २०२१ मध्ये आग्र्याच्या एका खासगी रुग्णालयाच्या मालकाचा व्हिडिओ व्हायरल झाला. ऑक्सिजनशिवाय कोण तगतं हे पाहायला पाच मिनिटांचं 'मॉक ड्रिल' केलं, असं तो सांगत होता. त्याने मृत्यू झाल्याचा पुरावा नाही, असं सरकारी चौकशीने नंतर म्हटलं. पण पेशंटवरच केलेल्या गोष्टीला ड्रिल म्हणताना त्याला काही वाटलं नाही, हे तर रेकॉर्डच झालंय.

उपाय महागडे नाहीत. सरावाच्या औषधांवर मोठ्या मराठी अक्षरांत 'सरावासाठी' लिहा. आत नेलेल्या वस्तू मोजा आणि बाहेर आणताना पुन्हा मोजा. वॉर्ड भरलेला असेल तर तारीख बदला. खरी इमर्जन्सी आली तर सगळ्यांनी लगेच थांबायचा एक शब्द आधी ठरवा. नातेवाइकांनाही सांगा, नाहीतर धावपळ बघून त्यांचाच बीपी वाढेल.

आपल्यातले बरेच जण एनएसएसमधून अशा ड्रिलमध्ये 'जखमी' होऊन झोपतात. पुढच्या वेळी स्ट्रेचरवर चढण्याआधी एवढं विचारा: सामान कोण मोजणार आहे, आणि थांबायचा शब्द कोणता?