पंगतीतलं लेखन

आमच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं. समितीतल्या सगळ्यांत तरुण सदस्याने सगळ्यांच्या फोनवर एकत्र लिहायच्या एका ॲपची लिंक पाठवली. "काका, आता फायली पाठवत बसू नका. सगळे इथेच लिहू." लिंक उघडून मी माझा लेख लिहायला बसलो, तर पानावर तीन रंगांच्या उभ्या रेघा लुकलुकत होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नावाची चिठ्ठी होती. एक वाक्य सुरू केलं, अर्ध्यावर अडलो. हिरवी रेघ सरकत सरकत माझ्या अर्धवट वाक्याशी येऊन थांबली, लोकलमध्ये आपला पेपर खांद्यावरून वाचणाऱ्या माणसासारखी. मी एक शब्द लिहिला, पुसला, परत लिहिला आणि लॅपटॉप मिटून टाकला.

त्याच आठवड्यात माझा एक जुना लेखकमित्र म्हणाला, "लेखन पंगतीत बसून होत नाही." मी मान डोलावली. दोन महिने त्या ॲपमध्ये काढल्यावर आता डोलावणार नाही. पण ॲप मिळालं म्हणून सगळ्यांनी मिळून लिहावं, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीलाही मी बसणार नाही.

मित्राला हे सगळं कालपरवाचं खूळ वाटतं. ते तसं नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करून दाखवलं होतं. समोरच्या पडद्यावर मजकूरही दिसत होता आणि सहकाऱ्याचा चेहराही. अडचण होती ती दोघांनी एकाच क्षणी बदल केला तर काय, ही. तिच्यावर क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स यांनी १९८९ मध्ये एक तोडगा मांडला. तुम्ही दहाव्या जागी स्वल्पविराम टाकलात आणि त्याच क्षणी मी तिसरं अक्षर पुसलं, तर तुमचा स्वल्पविराम माझ्या पानावर नवव्या जागी बसायला हवा. यंत्राने हा हिशेब प्रत्येक अक्षरागणिक करत राहायचा.

हा हिशेब मराठीत कसा चालतो ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वाचनालयाच्या पहिल्या ग्रंथपालांचा जुना लेख आम्ही टंकून घेतला होता. त्यात 'कवि' ऱ्हस्व होता, कारण मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम आले १९६२ मध्ये आणि लेख त्याआधीचा. मी घरी बसून वेलांटी पुसली आणि दीर्घ केली. आमचे सहचिटणीस तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये होते. कसाऱ्याच्या घाटात, बोगद्यात, रेंज नसताना त्यांनीही तेच केलं. गाडी इगतपुरीला पोचली, त्यांचा फोन शुद्धीवर आला आणि पानावर उमटलं 'कवीी'. दुसरी वेलांटी ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळत होती. यंत्र चुकलं नव्हतं. दोघांनी पुसलेली गोष्ट एकदाच पुसली जाते, पण दोघांनी लिहिलेली दोनदा लिहिली जाते.

समितीच्या कामाचं इतकं अचूक वर्णन मी दुसरं वाचलेलं नाही.

मित्राचा खरा आक्षेप मात्र यंत्राबद्दल नव्हता. त्याचं म्हणणं, बारा हात लागले की मजकूर कुणाचाच राहत नाही, लेखक पुसला जातो. मला इथे लीळाचरित्राची आठवण होते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी अनुयायांना विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे मूळ पोथी गमावल्यावर लोकांच्या स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला आणि वेगवेगळे पाठ तयार झाले. महानुभाव पंथाने ते दडपले नाहीत, कुणाचा पाठ कोणता हे सांभाळलं. हिराइसेचा पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. अनेकांच्या स्मरणातून आलेलं ते मराठीतलं आद्य गद्य आहे, आणि तरी त्याला म्हाइंभटांचंच म्हणतात. हात अनेक असले म्हणून लेखक पुसला जात नाही. कोणता हात कुठे लागला याची नोंद नसली की पुसला जातो.

आणि नोंद कुणाकडे असते? छापखान्याच्या जमान्यात माझ्या लेखातली वाक्यं कितीदा गेली. कुणाच्या पेन्सिलीने गेली, ते आजवर कळलेलं नाही. स्मरणिकेच्या इतिहासात मी तीन ओळी लिहिल्या होत्या: पंचवीस वर्षांपूर्वी दोन कपाटं पुस्तकं वाळवीचं निमित्त सांगून रद्दीत घातली गेली, त्याबद्दल. एका सकाळी त्या ओळी गायब. पूर्वी असं झालं असतं तर मी स्वतःच्याच स्मरणशक्तीवर शंका घेतली असती. आता जुन्या आवृत्त्यांची यादी उघडली. मंगळवार, रात्री ११.४०, आणि समोर नाव. संबंधित गृहस्थ म्हणाले, "बोट लागलं असेल." पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत नेमक्या तीन ओळी निवडून पुसणारं बोट असेल तर ते संग्रहालयात ठेवायला हवं. ओळी परत आल्या. लेखकाचं रक्षण आणखी कसं करायचं असतं?

राहिला एकांत. तो कुणी हिरावलेला नाही. त्या हिरव्या रेघेनंतर मी लेख वहीत लिहिला आणि पुरा झाल्यावर ॲपमध्ये टाकला. रोखलं कुणी? तुम्ही टाइप कराल ते एकेक अक्षर समोरच्याला दिसतं, याचा धसका मात्र खरा आहे. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या 'वेव्ह'मध्ये तर साधं संभाषणही असंच अक्षर-अक्षर दिसायचं. पुढच्याच वर्षी ते बंद करायचं ठरलं. त्याची कारणं इतरही असतील, पण मला त्याचं दुःख नाही.

आता दुसरी पंगत. "सगळ्यांना एडिट ॲक्सेस द्या, म्हणजे काम निम्म्या वेळात आणि शिवाय लोकशाही." आम्ही दिला. समितीचं दीड पानाचं मनोगत, सात जण, तीन संध्याकाळी. तिसऱ्या दिवशी एका परिच्छेदात 'आपले' हा शब्द पाच वेळा होता, 'मी' आणि 'आम्ही' एकाच वाक्यात नांदत होते आणि वाचनालय 'ज्ञानगंगा', 'ज्ञानमंदिर' आणि 'ज्ञानवृक्ष' असं तिन्ही झालं होतं. दुसऱ्याचं विशेषण खोडायची हिंमत कुणाची होत नाही, आपलं जोडायला मात्र सगळे तयार. मजकूर फक्त फुगत जातो. याला लोकशाही म्हणणं हा लोकशाहीचा अपमान आहे. तिथेही शेवटी विधेयक कुणीतरी एक जण मांडतो.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो याच रोगावरचा इलाज होता. तीन शतकांत नकलणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडला होता. त्यांनी प्रती ताडून तो निश्चित केला आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये, असं बजावून ठेवलं. आजच्या भाषेत, पान 'फक्त वाचा' करून टाकलं.

आम्हीही तेच केलं, जरा कमी अधिकाराने. बदलण्याचा हक्क दोघांना आणि उरलेल्यांना 'सुचवा'. सुचवलेला शब्द रंगीत दिसतो, मूळ शब्द वर काट मारलेला दिसतो, आणि दोघांपैकी एकाने होकार दिल्याशिवाय काही हलत नाही. कॉमेंटमध्ये भांडण करावं, मजकुरात नाही. मनोगत दोन संध्याकाळी संपलं. 'ज्ञानगंगा' गेली.

मजकूर परक्या कंपनीच्या संगणकावर पडून राहतो, लिंक ज्याच्या हाती जाईल त्याला दार उघडं, हा आक्षेप मला खोडता येत नाही. खाजगी पत्रं तिथे लिहू नयेत. आणि ॲपचं राज्य डीटीपीवाल्याच्या दारापर्यंतच. आमचा डीटीपीवाला अजून जुन्या फॉन्टवर काम करतो. युनिकोड मजकूर त्याच्याकडे गेला, बदलून आला, तेव्हा निम्मी जोडाक्षरं सुटी झाली होती. शेवटची दोन प्रुफं आम्ही कागदावर, लाल पेनानेच तपासली.

हा लेखही त्याच ॲपमध्ये ठेवला आणि मित्राला 'सुचवा'चा हक्क देऊन लिंक पाठवली. त्याने काहीही सुचवलं नाही. दुसऱ्या परिच्छेदाशेजारी एक कॉमेंट मात्र टाकली: "मी 'लेखन' म्हणालो नव्हतो, 'कविता' म्हणालो होतो." त्याचं बरोबर असेल, तर माझा निम्मा लेख त्याच्याविरुद्ध नाहीच. वाक्य मी बदललेलं नाही, पण त्याची कॉमेंट इथे छापली आहे.