वाकलेला बाण सरळ करता येत होता, तेव्हाची गोष्ट

आज पाणी नाही, लोकल नाही, नायगावचा उड्डाणपूल आणि खड्डेही नाहीत. आज बाणांबद्दल लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय फक्त बाणांचा नाही.

गेल्या महिन्यात नायगाव पश्चिमेला एका निवृत्त क्रीडाशिक्षकांच्या घरी गेलो होतो. काम वेगळंच होतं. बोलता बोलता सरांनी माळ्यावरून एक पीव्हीसी पाइप काढला. दोन्ही बाजूंनी झाकण लावलेला, आपल्याकडे प्लंबर वापरतात तसला. झाकण काढून पाइप तिरका केला आणि आतून आठ-दहा बाण बाहेर आले. एकमेकांवर आपटताना त्यांचा किणकिण आवाज झाला. सर म्हणाले, "हा आवाज ऐकलात? आता मैदानावर हा आवाज येत नाही."

ते ॲल्युमिनियमचे बाण होते. रंग उडालेला, पिसं झडलेली, पण नळी सरळ. प्रत्येकावर बारीक अक्षरात आकडा छापलेला: १८१६. मी विचारलं, हे साल आहे का? सर हसले. पहिले दोन आकडे म्हणजे बाणाची जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागात. पुढचे दोन म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे १८१६ ची जाडी साधारण ७ मिलिमीटर आणि भिंत जेमतेम ०.४ मिलिमीटर. चार आकड्यांत बाणाची कुंडली! दुकानात जाऊन फक्त आकडा सांगायचा, तंतोतंत तोच बाण मिळायचा.

हे बाण बनवण्यात ज्याचं नाव जगभर झालं तो अमेरिकेतला डग ईस्टन. १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात लाकडी बाण बनवायला लागला. लाकडाची अडचण अशी की दोन बाण एकसारखे कधीच नसतात. एक सरळ जातो, दुसरा त्याच हातातून सुटूनही भरकटतो. म्हणून त्याने धातूची नळी घेऊन १९३९ मध्ये ॲल्युमिनियमचे बाण केले. मग महायुद्ध आलं, ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं. युद्धानंतर १९४६ पासून पुन्हा उत्पादन सुरू झालं आणि पुढची कितीतरी वर्षं जगातल्या तिरंदाजांच्या भात्यात हेच बाण होते. एक्स-७, एक्सएक्स-७५ ही नावं जुने तिरंदाज आजही आपण राजदूत किंवा येझदीचं नाव घेतो तशी घेतात.

मग कार्बन आला. हलका, बारीक, वेगवान. लांबच्या अंतरावर वारा त्याला कमी ढकलतो. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह धनुष्याला ७० मीटरवरून नेम धरावा लागतो, तिथे हा फरक फार मोठा. त्यामुळे मैदानी स्पर्धांतून शुद्ध ॲल्युमिनियम जवळजवळ गेलंच. हॉलमधल्या १८ मीटरच्या खेळात ते टिकलं, कारण तिथे जाड बाण रेषेला चिकटून जास्तीचा गुण मिळवून देतो. (त्यावरही मर्यादा आहे. जागतिक संघटनेच्या नियमानुसार नळी ९.३ मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही.) पण मागणी घटली तसे जुने नावाजलेले प्रकार, रंग, मापं एकेक करून बंद होत गेली. आज जगभरचे जुने तिरंदाज त्या बंद झालेल्या नळ्यांसाठी हळहळतात, कुणाच्या गॅरेजमध्ये न वापरलेलं डझन सापडलं तर सोनं सापडल्यासारखे नाचतात.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, म्हाताऱ्यांची हळहळ. रेडिओ, टाइपरायटर, एसटीडी बूथ, तसंच हे. मीही आधी तसंच म्हटलं. नव्याने जुन्याला मागे टाकलं यात वाईट काय? २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी विश्वविजेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे १५० पैकी १५० गुण मारून विश्वविजेता झाला. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांकडे घडलेले. ते काय ॲल्युमिनियमवर रडत बसले असते तर जिंकले असते का?

मी हे सरांना बोलून दाखवलं. त्यांनी वाद घातला नाही. एक बाण उचलला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांची नखं जुळवून त्यावर ठेवला आणि फिरवला. "बघा, थरथरतोय. इथे वाकलाय." मग एक जुनं लोखंडी यंत्र काढलं. दोन रुळांवर बाण ठेवायचा, फिरवायचा, कुठे वाकलाय ते काट्यावर बघायचं आणि तिथेच हलका दाब द्यायचा. पाच मिनिटांत बाण सरळ! परत नखांवर फिरवला, आता थरथर नाही.

सर म्हणाले, "बांबूचा बाण वाकला तर विस्तवावर शेकून सरळ होतो. ॲल्युमिनियमचा वाकला तर रुळावर सरळ होतो. कार्बनचा कधी वाकत नाही हो, तो एकतर सरळ असतो नाहीतर गेलेला असतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही हळहळ चमकीची किंवा आवाजाची नाही, दुरुस्तीची आहे. आणि दुरुस्ती हा गरिबाचा विषय आहे.

आपल्या जिल्ह्याकडे बघा. पालघर जिल्हा २०१४ च्या ऑगस्टमध्ये झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी इथल्या वारली, कातकरी घरांत तिरकमठा ही काही प्रदर्शनात ठेवायची वस्तू नव्हती, घरातली वस्तू होती. नेम त्या मुलांना शिकवावा लागत नाही असं आपण भाषणात म्हणतो. टाळ्याही पडतात. पण बांबूच्या तिरकमठ्यावरून एकदम स्पर्धेच्या रिकर्व्ह किंवा कंपाउंड धनुष्यावर उडी मारायची तर मधली पायरी कुठे आहे?

तिरंदाजीत एक गोष्ट बाहेरच्याला माहीत नसते. बाण धनुष्याला आणि माणसाला जुळावा लागतो. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही, आधी मासोळीसारखा वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. तो किती वाकावा हे धनुष्याच्या ताकदीवर आणि हाताच्या लांबीवर ठरतं. आता बारा-तेरा वर्षांचं पोर घ्या. दरवर्षी त्याचे हात लांब होतात, ताकद वाढते, धनुष्य जड होतं. म्हणजे त्याला बाणही बदलावे लागतात. सरांच्या काळात हा प्रश्न आकड्यांनी सुटायचा. लहान पोराला १६१६, मग १७१६, मग १८१६, मग १९१६. मोठ्याचे बाण धाकट्याकडे, धाकट्याचे त्याच्या मागच्याकडे. शाळेतल्या पुस्तकांसारखे. वाकले तर सरळ करायचे, टोक सैल झालं तर गरम करून चिकटवायचं, पिसं नवी लावायची. गवतात हरवला तर धातू शोधायच्या यंत्राने नळी सापडायची. एका डझनावर तीन-चार मुलं मोठी व्हायची.

कार्बनचे बाण असे सहज पुढे देता येत नाहीत. एखादा बाण दुसऱ्यावर आपटला, दगडाला लागला, तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर पडू शकते. तसा बाण दोरीवर चढवला तर सुटताना फुटून त्याच्या काड्या हातात घुसू शकतात. म्हणून जाणकार प्रत्येक वेळी बाण हलका वाकवून, पिळून, कानाशी धरून करकर येते का ते बघतात. हे साध्या शाळेतल्या मुलाला कोण शिकवतं? स्वस्त कार्बन बाजारात मिळतो, हे खरं. ॲल्युमिनियमपेक्षाही स्वस्त मिळतो कधीकधी. पण स्वस्तातले बाण एकसारखे नसतात आणि गेले की गेले. चांगल्या प्रतीचे डझनभर घ्यायचे तर रोजंदारीवर जाणाऱ्या बापाची महिन्याची कमाई पुरत नाही. धनुष्याचा खर्च वेगळाच.

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव आठवतो? आईवडील मजूर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, बांबूच्या धनुष्यापासून सुरुवात केली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तिरंदाजाला ६-० ने हरवलं. पुढच्या फेरीत पहिल्या क्रमांकाच्या ब्रॅडी एलिसनकडून हरला, पण पोचला कुठून कुठे! त्याला पायऱ्या मिळाल्या. शाळेतले शिक्षक, प्रबोधिनी, नंतर लष्कर. आपण कथा सांगताना फक्त झोपडी आणि ऑलिंपिक सांगतो, मधल्या पायऱ्या गाळतो. पण पोरं चढतात ती मधल्या पायऱ्यांवरूनच.

एकलव्याचं नाव आपण पुरस्काराला देतो, शाळांना देतो. आजच्या एकलव्याकडे अंगठा कुणी मागत नाही. त्याच्यापुढे फक्त साहित्याची यादी ठेवतात. यादी बघून तो आपणच मैदान सोडतो.

संघटनांकडून अपेक्षा ठेवावी तर तिथला इतिहास आपल्याला माहीत आहे. २०१९ मध्ये अंतर्गत भांडणापायी जागतिक संघटनेने भारतीय संघटनेला निलंबित केलं आणि बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत आपली मुलं देशाच्या झेंड्याशिवाय उतरली. खुर्च्यांचे बाण जिथे एवढे चालतात, तिथे नळीच्या बाणांचा विचार कोण करणार?

आता मुद्द्याचं. मी काही कार्बन हद्दपार करा म्हणत नाही. ७० मीटरवर त्याला तोड नाही. गंमत म्हणजे अटलांटा ऑलिंपिकपासून गाजलेला जो एक्स-१० बाण आहे, त्याच्या आतही ॲल्युमिनियमचीच बारीक नळी असते, वरून कार्बन गुंडाळलेला. ॲल्युमिनियम निवृत्त झालं नाही, आत जाऊन बसलं. मी म्हणतोय ते शिकणाऱ्या मुलांबद्दल, १८ ते ३० मीटरच्या अंतराबद्दल. तिथे पदक नसतं, तिथे सवय लागते. तिथे जड, टिकाऊ, सरळ करता येणारा बाणच बरा.

त्यासाठी तीन गोष्टी सुचवतो.

एक, जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या क्रीडा संकुलात बाणांची पेढी. वाचनालयासारखी. मुलाने आपल्या मापाचे बाण नोंद करून न्यायचे, माप बदललं की परत करून पुढचे घ्यायचे. ॲल्युमिनियमच्या ज्या मापांच्या नळ्या आजही मिळतात त्या एकदम घेतल्या तर एक तुकडी कितीतरी वर्षं पुरेल.

दोन, दुरुस्तीचं एक टेबल आणि ते चालवणारा एक माणूस. सरळ करायचं यंत्र, पिसं, नॉक, टोकं, गोंद. याच टेबलावर कार्बनचे बाणही तपासून मिळावेत, म्हणजे कुणाच्या हातात काडी घुसणार नाही. साहित्य वाटपाच्या कार्यक्रमाचा फोटो छान येतो, दुरुस्तीच्या टेबलाचा येत नाही. म्हणून ते टेबल कुठेच नसतं.

तीन, हे खास आपल्या वसईकरांसाठी. वालीव, सातिवली, गोखिवरे, नायगावपासून रिक्षाच्या अंतरावर गाळेच गाळे आहेत. ॲल्युमिनियमचं काम करणारे कितीतरी. बाणाची नळी म्हणजे खिडकीची पट्टी नव्हे, हे मला समजतं. जोड नसलेली, ओढून काढलेली, हजाराव्या इंचाच्या हिशेबात सरळ नळी लागते, मिश्रधातूही वेगळा लागतो आणि बाजार चिमूटभर. एकटा कारखानदार त्यात पैसे का घालेल? पण आपल्याकडे इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधणारी मुलं आहेत. शिकाऊ दर्जाची नळी इथे होते का, याचा एकदा प्रयत्न करून बघायला काय हरकत आहे? नाही झाली तर निदान का नाही झाली ते कळेल.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजी मिश्र सांघिक प्रकारात पहिल्यांदा येतेय. महाराष्ट्राची मुलं या प्रकारात जगात पुढे आहेत. तेव्हा पुन्हा मिरवणुका निघतील, बॅनर लागतील. त्या बॅनरच्या खर्चात आपल्या एखाद्या तालुक्याची बाणपेढी उभी राहील.

निघताना सरांनी तो सरळ केलेला बाण परत पाइपमध्ये टाकला. मी म्हटलं, "सर, हे कुणाला देऊन टाकत का नाही?" म्हणाले, "देईन की. फक्त घेणाऱ्याने सांभाळायला एक जागा दाखवावी. मी गेल्यावर भंगारवाला किलोच्या भावाने नेईल याची भीती वाटते."

मला अजून ती जागा दाखवता आलेली नाही. पालघर जिल्ह्यात, वसई-विरारमध्ये कुणाकडे असे जुने बाण, सरळ करायचं यंत्र, निदान एखादी बंद खोली असेल तर कळवा. सरांचा पाइप मी स्वतः घेऊन येतो.