ग्राहक नागरिकांस जाहीर आवाहन : बिल पक्के घ्यावे, तक्रार लेखी करावी



दसरा उलटला, दिवाळी तोंडावर आली आणि पेठेत पाय ठेवायला जागा उरली नाही, अशा या दिवसांत, घरच्या खरेदीची यादी पुरी करण्यापलीकडे ज्यांना दुसरे काही सुचत नाही अशा गृहस्थ-गृहिणींना कायद्याच्या चार गोष्टी ऐकवणे हे रसभंगाचे काम आहे, याची ग्राहकांना तक्रारींत साहाय्य करणाऱ्या आमच्या मंडळास पूर्ण जाणीव आहे. तरीही हे निवेदन आम्ही बुद्ध्याच या दिवसांत काढीत आहोत, कारण माघ-फाल्गुनात आमच्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यांपैकी पुष्कळशा आश्विन-कार्तिकातल्या खरेदीच्या असतात, आणि तक्रारदाराला आम्ही पहिलाच प्रश्न "बिल आहे का?" असा विचारला म्हणजे पिशवीतून जे बाहेर निघते ते बहुधा दुकानदाराने पेन्सिलीने आकडे मांडलेले, नाव नाही, शिक्का नाही, तारीख नाही असे कागदाचे चिटोरे असते.

हे चिटोरे ग्राहकाच्या हातात कसे येते, हे ज्याने या वर्षी एखादी मोठी वस्तू घेतली असेल त्याला सांगावयास नको. यंत्र पसंत पडते, भाव ठरतो, आणि मग गल्ल्यावरचे शेटजी आवाज जरा खाली आणून म्हणतात, "पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वर पडतील. तुम्ही घरचेच. कच्च्यावर करून टाकू?" वीस हजारांच्या यंत्रावर तीन हजार सहाशे रुपये वाचल्याच्या आनंदात घरचे गृहस्थ मान डोलावतात. वस्तुतः वेष्टनावर जी कमाल किरकोळ किंमत छापलेली असते तीत सर्व कर आधीच धरलेले असतात, तिच्यापेक्षा एक पैसाही अधिक घेणे हा गुन्हा आहे, आणि 'कर वेगळा' ही भाषा पुष्कळदा केवळ बिल न देण्याचे निमित्त असते. पण तो हिशेब त्या घटकेला कोण करतो? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. म्हणजे बिल मागणारा ग्राहक दुकानदारावर अविश्वास दाखवीत नसून त्याच्याकडून त्याचे कर्तव्यच करवून घेत असतो. आमचे स्पष्ट मत असे की, ग्राहकाचा हक्क न्यायासनापुढे बुडण्याआधी पुष्कळदा गल्ल्यापाशीच बुडतो, आणि तो बुडविण्यात ग्राहकाची स्वतःची संमती असते.

जी गोष्ट बिलाची, तीच मापाची. मिठाईच्या दुकानात एक प्रयोग करून पाहावा. नोकर जाड पुठ्ठ्याचा, वर सोनेरी नक्षी असलेला खोका काट्यावर ठेवतो, त्यात पेढे रचतो आणि आकडा एक किलोवर आला की झाकण लावतो. त्या वेळी शांतपणे एवढेच म्हणावे की, "आधी रिकामा खोका ठेवून काटा शून्यावर घ्या." शून्यानंतर पुन्हा किलो भरण्यासाठी आणखी किती पेढे चढवावे लागले ते डोळ्यांनी पाहावे, तेवढ्या वजनाचा पुठ्ठा आपण आजवर पेढ्यांच्या भावाने घरी नेत होतो. वजन निव्वळ मालाचे द्यावे असा कायदा आहे, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी फेरतपासणी होऊन त्यावर वैधमापन खात्याचा शिक्का बसला पाहिजे असा नियम आहे. पेट्रोल पंपावरही पाच लिटरचे शिक्कामोर्तब केलेले माप ठेवलेले असते, आणि शंका आल्यास त्यात पेट्रोल ओतून दाखवा असे सांगण्याचा अधिकार प्रत्येक वाहनधारकाला आहे. मागे रांग लागलेली असताना हे सांगण्यास थोडे धैर्य लागते, हे कबूल.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी तर आपल्या दुकानांत गणपतीच्या तसबिरीइतकीच नित्याची होऊन बसली आहे, आणि ती वाचून परत फिरणारे सुशिक्षित लोक पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे. अर्थात साडीचा रंग घरी गेल्यावर नणंदेला आवडला नाही, हा मालातील दोष नव्हे. तेथे दुकानदाराने बदलून दिले तर तो त्याचा भलेपणा.

हा कायदा काही आकाशातून पडलेला नाही, याचेही स्मरण असावे. १९७२ च्या सुमारास महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या मुंबईच्या स्त्रिया, १९७५ साली स्थापन होऊन घाऊक खरेदीचा माल सभासदांच्या गटांना घरपोच वाटू लागलेली मुंबई ग्राहक पंचायत, आणि पुण्यातून बिंदुमाधव जोशी यांनी उभी केलेली ग्राहक चळवळ, अशा अनेक खटपटींनंतर १९८६ साली पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. २४ डिसेंबर रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याची जागा घेणारा सध्याचा कायदा २० जुलै २०२० पासून अंमलात आला.

आता तक्रारीचा मार्ग. वस्तूत दोष निघाला की तोंडी तगादा लावण्यात महिनेच्या महिने जातात. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनीचा मनुष्य "उद्या येतो" म्हणतो, आणि यातले काहीही कागदावर येत नाही. म्हणून पहिले पत्र लवकर लिहावे. त्याला पांडित्य नको: अमुक तारखेस, अमुक बिलाने, अमुक रकमेस ही वस्तू घेतली, अमुक तारखेस ती बंद पडली, दुरुस्तीसाठी अमुक वेळा कळविले, आता पंधरा दिवसांत ती बदलून द्यावी अथवा रक्कम परत करावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल, एवढा मजकूर पुरे. शिव्याशाप, आपल्या घराण्याची प्रतिष्ठा आणि देशाची अधोगती हे विषय त्यात आणू नयेत. पत्र दुकानदार आणि उत्पादक या दोघांनाही, पोहोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावे व त्याची नक्कल जपून ठेवावी. याच सुमारास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी; तेथे मराठीतूनही बोलता येते. ही हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, ती केवळ कंपनीकडे पाठपुरावा करते. परंतु पुष्कळ मोठ्या कंपन्या ग्राहकाच्या दहा फोनांना जे उत्तर देत नाहीत ते या एका नोंदीला देतात.

एवढ्याने काम न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. ज्या मालासाठी वा सेवेसाठी पन्नास लाखांपर्यंत मोबदला दिला असेल त्याची तक्रार तेथे चालते. त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग, आणि त्याहून वरची प्रकरणे दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाकडे. येथे दिलेला मोबदला पाहतात, मागितलेली भरपाई नव्हे. तेव्हा दोन हजारांच्या मिक्सरसाठी मनःस्तापाचे पाच लाख लिहून प्रकरण मोठे होत नाही, हास्यास्पद मात्र होते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क काही नाही. जुन्या कायद्याखाली विक्रेत्याच्या गावी किंवा जेथे व्यवहार झाला तेथे जावे लागे. आता ग्राहक जेथे राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, त्यामुळे बंगळूरच्या कंपनीकडून मोबाइल मागविणाऱ्या आपल्या तालुक्यातील विद्यार्थ्यास बंगळूर गाठावयास नको. वकील दिलाच पाहिजे असे नाही. तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. अर्ज, त्यासोबत प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी व नकला, आणि जितके सामनेवाले तितक्या जादा प्रती, एवढा सरंजाम लागतो. ई-जागृती या सरकारी प्रणालीवरून तो घरबसल्याही दाखल होतो. मुदत मात्र विसरू नये: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. सामनेवाल्याने नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत, आणि आयोगाने सवलत दिल्यास आणखी पंधरा दिवसांत, लेखी कैफियत दिली पाहिजे. त्यापुढे एक दिवसही मिळणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये निःसंदिग्धपणे ठरवून दिले आहे.

केवळ वस्तूच नव्हे, तर विमा, बँक, रेल्वे, मोबदला घेऊन केलेले वैद्यकीय उपचार, या सेवांविरुद्धही हाच मार्ग खुला आहे. वकिलांची सेवा तेवढी सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. तो निकाल वाचून आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी जो उसासा टाकला त्याचे वर्णन येथे अप्रस्तुत होईल.

शेतकरी बांधवांशी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण रब्बीची पेरणी दाराशी येऊन ठेपली आहे, आणि बियाणे ही अशी एक वस्तू आहे की, तिचा दोष कळतो तेव्हा ती वस्तूच उरलेली नसते. हरभऱ्याची पिशवी फोडली, पेरली, दहा-बारा दिवस वाट पाहिली आणि रानात ठिकठिकाणी तुरळक कोंब दिसले, तर दाखवावयाचे काय? "बियाणे प्रयोगशाळेतून तपासून का आणले नाही?" असा युक्तिवाद बियाणे विकणाऱ्या एका सरकारी महामंडळाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत केला होता. सारे बियाणे मातीत घालणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी ते मागे राखून ठेवावे अशी अपेक्षाच चुकीची आहे, आणि शेतकरी हा ग्राहकच आहे, असे २०१२ साली त्या न्यायालयाने ठरविले. या निकालाचा आधार मोठा आहे. तथापि आमचा आग्रह असा की, शेतकऱ्याने त्यावर विसंबून राहू नये. बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहवून घ्यावा, पिशवी खालच्या बाजूने फोडावी म्हणजे वरचे लेबल व टॅग शाबूत राहतात, आणि ओंजळभर बियाणे त्याच पिशवीत राखावे. उगवण झाली नाही असे दिसताच, रान मोडून दुबार पेरणी करण्यापूर्वी, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा. तालुका पातळीवरील तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते, आणि तो पंचनामाच पुढे आयोगापुढे बोलतो. घाईने पाळी घातलेल्या रानाचा पंचनामा कोणालाही करता येत नाही.

या मार्गाची दुसरी बाजूही लपवून ठेवणे योग्य होणार नाही. निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि वर्षे उलटतात. आयोगांतील अध्यक्ष-सदस्यांची पदे इतकी रिकामी राहू लागली की, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याची स्वतः होऊन दखल घ्यावी लागली. ग्राहकाला वेळेवर न्याय मिळावा म्हणून कायदा करावयाचा आणि न्याय देणाऱ्याची खुर्चीच भरावयाची नाही, हा शिरस्ता निषेधार्ह आहे, आणि आपल्या लोकप्रतिनिधींना मत मागायला आल्यावर याचा जाब विचारला पाहिजे. परंतु विलंबाचे कारण पुढे करून घरी बसणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. आयोगाचा आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हे व्यापारी मंडळींना पक्के ठाऊक असते. म्हणूनच आयोगाची नोटीस हाती पडताच तडजोडीला येणारे सामनेवाले आम्ही पाहिले आहेत. कित्येक सरळ व्यापारी तर पहिल्या पत्रालाच वस्तू बदलून देतात, आणि अशांची संख्या या गावात थोडी नाही, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे.

ज्यांस अर्ज लिहिता येत नाही, अथवा लिहूनही धीर होत नाही, अशांच्या साहाय्यासाठी आमच्या मंडळाचे सभासद दर रविवारी सकाळी नगरवाचनालयाच्या सभागृहात विनामूल्य बसतात. येताना मूळ बिल व वॉरंटी कार्ड घरीच ठेवून त्यांच्या छायाप्रती आणाव्यात. बिघडलेली वस्तू दुसऱ्या कोणा कारागिराकडून उघडून घेऊ नये, म्हणजे 'तुम्हीच ती बिघडवली' हा बचाव सामनेवाल्यास उरणार नाही. ज्यांनी मोहाने कच्च्या बिलावर खरेदी केली असेल त्यांनीही संकोचाने मागे राहू नये. मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद, बँकेच्या पासबुकातील ओळ, दुकानदाराशी झालेला संदेशांचा व्यवहार, खोक्यावरील अनुक्रमांक, वस्तू पोहोचविणाऱ्याची सही असलेली चिठ्ठी, यांपैकी जे काही हाताशी असेल ते घेऊन यावे. त्यावरून खरेदी शाबीत करता येते की नाही ते आम्ही पाहू, आणि दुकानदाराने मागूनही बिल दिले नसेल तर तीच पहिली तक्रार म्हणून अर्जात लिहू.