दाराविना गाव, घराविना बाई

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात जुन्या घरांना चौकटी आहेत, दारे नाहीत. २०११ मध्ये युको बँकेने इथे काढलेली शाखाही ‘बिनकुलपाची’ म्हणून गाजली. अशा गावी परजिल्ह्यातून नवी बाई शाळेवर रुजू झाली, की मानधनाच्या आधी (शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षे पगार कुठला!) तिला घोर लागतो तो रात्री निजायचे कसे याचा. कुत्री शिरू नयेत म्हणून आडवी लावलेली फळी आणि शेजारच्या काकूंची हाक, एवढाच काय तो बंदोबस्त. गाव सांभाळून घेते. सरकार मात्र ‘मुख्यालयी राहा’, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहा, असे बजावते आणि खोलीचे नाव काढत नाही. हा शुद्ध अन्याय आहे. तुमच्या गावात गुरुजी-बाई कुठे राहतात, आम्हाला जरूर कळवा.