बेटावरचा विवाहसोहळा आणि कायद्याची सप्तपदी

बन्नीमंटप (म्हैसूर) : लग्नासाठी परदेशी जाणाऱ्या कुटुंबांविषयी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 26 नोव्हेंबर 2023 रोजी ‘मन की बात’मध्ये नापसंती व्यक्त केली. पुढच्याच महिन्यात डेहराडून येथे त्यांनी ‘वेड इन इंडिया’ची हाक दिली आणि जानेवारी 2024 मधील त्यांच्या लक्षद्वीप दौऱ्यानंतर बेटांकडे देशाचे लक्ष वळले. दसऱ्याची अंबारीची मिरवणूक जेथे विसावते, त्या बन्नीमंटपासारख्या वस्तीतील मध्यमवर्गीय घरांतही आता मंगल कार्यालयांच्या जोडीने अंदमान, बाली, मॉरिशस ही नावे घेतली जातात. चर्चा होते ती विमानभाड्याची आणि हवामानाची. तो विवाह कायद्याने कोणत्या दिवशी आणि कोणत्या ठिकाणी झाला असे मानायचे, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो.

परदेशी नोकरी किंवा जोडीदाराचा व्हिसा यांची घाई असलेली कुटुंबे एक सोपा मार्ग धरतात. आधी घरच्या गावी नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यायचे आणि विधी काही महिन्यांनी बेटावर करायचे. हिंदू विवाह कायद्याखाली हाच मार्ग सर्वांत धोक्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने एप्रिल 2024 मध्ये अशाच एका जोडप्याच्या प्रकरणात विवाह झालाच नव्हता, असा निर्वाळा दिला. त्या दोघांनी 2021 मध्ये प्रमाणपत्र घेतले होते आणि विधी 2022 मध्ये ठरले होते. दरम्यान वितुष्ट आले. 1955 च्या कायद्याच्या कलम 7 नुसार विवाह घडतो तो रूढ विधींनी, आणि त्यांत सप्तपदी असेल तर सातव्या पावलाला तो पूर्ण होतो. नोंदणी हा त्याचा पुरावा आहे. जे घडलेच नाही त्याचा पुरावा कितीही शिक्क्यांचा असला तरी टिकत नाही.

भारतीय बेटांवर हा पेच तुलनेने सुटसुटीत आहे. हिंदू विवाह कायदा अंदमानात आणि लक्षद्वीपमध्येही लागू असल्याने स्वराज द्वीपच्या वाळूवर घातलेली सप्तपदी म्हैसूरच्या मंडपातल्या सप्तपदीइतकीच पक्की ठरते. लक्षद्वीपला जायचे तर पुरोहितापासून छायाचित्रकारापर्यंत बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश परवाना लागतो, ही वेगळी कटकट. (बन्नीमंटपाहून बंगळूर रस्त्याला लागले की थोड्याच वेळात श्रीरंगपट्टण येते, कावेरीच्या दोन प्रवाहांमधले तेही बेटच, आणि तेथे परवाना लागत नाही.) आंतरधर्मीय जोडप्यांना मात्र 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा आधार घ्यावा लागतो. त्यात वधूवरांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य असावे लागते आणि नोटिशीनंतर आणखी 30 दिवस थांबावे लागते. चार दिवसांच्या सहलीत हे बसणारे नाही.

परदेशी बेटावर गेले की तिथला कायदा आडवा येतो. बाली हे हिंदुबहुल असल्याने अनेकांना घरचेच वाटते. पण इंडोनेशियाच्या 1974 च्या कायद्यानुसार विवाह धर्मविधीने व्हावा लागतो, त्याची शासकीय नोंद व्हावी लागते आणि भिन्नधर्मीयांना तेथे वाट जवळपास बंद आहे. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे आहेत, त्यामुळे वऱ्हाडाला आपल्या भाषेचे यजमानही भेटू शकतील. तरीही परक्या पाहुण्यांच्या विवाहाला तिथल्या नागरी नोंदणी खात्याची कागदपत्रे लागतातच. हॉटेलने दिलेले रंगीत प्रमाणपत्र ही निव्वळ आठवण असते. स्थानिक कायद्याने झालेला विवाह 1969 च्या परदेशी विवाह कायद्याच्या कलम 17 खाली भारतीय वकिलातीतील विवाह अधिकाऱ्याकडे नोंदवता येतो, वधूवरांपैकी एक तरी भारतीय नागरिक असेल तर. थेट वकिलातीत विवाह करायचा तर तेथेही नोटिशीपूर्वी 30 दिवसांच्या वास्तव्याची अट आहे.

हे सारे पाहता घरीच मोजक्या आप्तांसमोर विधिपूर्वक लग्न लावून दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नोंद करावी आणि बेटावर फक्त समारंभ ठेवावा, हा क्रम अधिक सुरक्षित ठरतो. कर्नाटकाने 2024 पासून हिंदू विवाहाची नोंदणी कावेरी प्रणालीतून ऑनलाइन खुली केली आहे. महाराष्ट्रात विवाहानंतर 90 दिवसांत नोंदणी अपेक्षित असते. घरी विधी नको असतील, तर विशेष विवाह कायद्याने नागरी विवाह करता येतो. वधूवर दोघेही हिंदू असल्यास त्यांच्या वारसाहक्काला हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू राहतो, ही 1976 नंतरची तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते.

अडचण उरते ती दोन तारखांची. नोंदणीसाठी लग्नपत्रिका आणि विधीचे छायाचित्र मागितले जाते. छापलेल्या एकमेव पत्रिकेवर बेटावरची तारीख आणि प्रमाणपत्रावर घरची, असे झाले तर व्हिसा अधिकारी नेमके तेच विचारतो. म्हणून घरच्या विधीसाठी वेगळी साधी पत्रिका छापावी आणि समुद्रकाठच्या आमंत्रणावर ‘विवाह’ या शब्दाऐवजी ‘स्वागत समारंभ’ असे लिहावे.