सिस्टिम्सचं एम.टेक. वर्ध्याच्याच कामाचं

मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल झालेल्या मुलाने सिस्टिम्स इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. करायचं म्हटलं, की वर्ध्याकडे ठरलेली उत्तरं मिळतात. हा विषय विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्यांचा, आपल्याकडे त्याचं काय काम? शिवाय सगळ्यातलं थोडं थोडं शिकलेला कशातच तरबेज होत नाही.

पहिला आक्षेप मला साफ अमान्य आहे. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. त्याच्या अटी पाहा. चरखा 150 रुपयांच्या आत बनावा, किमान 20 वर्षं टिकावा, दुरुस्तीला वर्षाकाठी किमतीच्या 5 टक्क्यांहून जास्त लागू नयेत, खेड्यातल्या घरात मावावा आणि बाईला सलग 8 तास फारसं न थकता चालवता यावा. यंत्र, चालवणारी, घर, दुरुस्ती, आयुष्य सगळं एका कागदावर! सिस्टिम्स इंजिनिअरिंगची सुरुवात अशाच गरजा मांडण्यापासून होते. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. एक अट पाळावी तर दुसरी सुटते, आणि या विषयाचं अवघडपण नेमकं तिथेच आहे. पुढे ग्रामोद्योगांचा असाच सर्व बाजूंनी विचार गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याच्या मगनवाडीत केला. ज्या जिल्ह्याला हा वारसा आहे, तिथे हा विषय परका कसा?

आजचं उदाहरण हिंगणघाटच्या कापूस खरेदीचं घ्या. हमीभावाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे 12 पर्यंत कपात, त्याहून जास्त असेल तर गाडी परत. वेचणीची मजुरी किलोवर, म्हणून मजूर सकाळी दव असतानाच वावरात उतरतात. घरात वाळवायला जागा नाही. गाडी रांगेत थांबते, मीटर कापसात खुपसलं जातं आणि आकडा येतो तेरा. मीटर बरोबर, खरेदी करणारा नियमाने वागला, मजुराचंही चुकलं नाही. तरी शेतकरी बुडाला. दोष यांच्यापैकी एकातही नाही, तो यांच्या जोडणीत आहे. ही जोडणी कुणी शिकायचीच नाही काय?

दुसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, ते मी मान्य करतो. ज्याने एकही यंत्रणा बंद पडताना पाहिली नाही, त्याच्यासाठी हे शिक्षण पुस्तकी आकृत्यांपुरतं उरतं. म्हणून बी.ई. झाल्याबरोबर धावू नये. दोन-तीन वर्षं जिनिंगमध्ये, वीज उपकेंद्रावर किंवा पाणीपुरवठ्याच्या कामावर घालवावीत आणि तिथला एक न सुटलेला प्रश्न बरोबर घेऊन जावं.

नावावरही भुलू नये. मुंबई आयआयटीतलं 'सिस्टिम्स अँड कंट्रोल'चं एम.टेक. नियंत्रणशास्त्राकडे झुकलेलं आहे, गणिताची आवड नसेल तर ते जड जाईल. तिथेच ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या 'सितारा' केंद्रात तंत्रज्ञान आणि विकास या विषयात एम.टेक. होतं आणि ते गावातल्या प्रश्नांना जवळचं आहे. अर्ज भरण्याआधी दोन्हींचा अभ्यासक्रम आणि आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचावेत. आपला प्रश्न ज्या विभागाच्या प्रबंधांत बसतो, तिथेच अर्ज करावा.